थायलंडातला ठेचा

हल्ली आमच्या अमरावतीतून कोणीही उठतं आणि थायलंडला जाऊन येतं. नवी जोडपी जातात, रिटायर झालेले मास्तर जातात, बायकांची अख्खी भिशी जाते. निघायच्या आदल्या आठवड्यात कोणाला तरी आठवतं की मी फार वर्षांपूर्वी तिकडं जाऊन आले आहे, आणि मला फोन येतो. "काकू, तिथी जेवाचं कुठी?" मी सांगते. समुद्रासमोरच्या, दिव्यांच्या माळा लावलेल्या हॉटेलात जाऊ नका, मागच्या गल्लीत जा. गावची माणसं जिथं बसून जेवतात तिथं बसा, भात ताजा मिळतो. हिरव्या पाटीवर चंद्रकोर दिसली तर तिथं डुक्कर शिजत नाही. नारळाच्या दुधातली कोंबडी खा, आंब्याच्या फोडींसोबत चिकट भात देतात तो खा, कच्च्या पपईची कोशिंबीर खा, पण ती सांभाळून, कारण तिखट फक्त वऱ्हाडातच खातात हा आपला गैरसमज आहे. हे सगळं मी मोठ्या जाणकाराच्या थाटात सांगते. शेवटी विचारते, तुमच्यात कोणाला झिंगे बाधतात का? नाही म्हणाले की मगच फोन ठेवते.

आमच्या ह्यांना झिंगे बाधतात. हे आम्हाला लग्नानंतरच्या पहिल्या आखाडात कळलं. माझं माहेर अकोल्याचं. आखाडात जावयाला जेवायला बोलवायची आमच्याकडं रीत, म्हणून आईनं मटणाचा बेत केला होता आणि सोबत तोंडी लावायला वाळलेल्या झिंग्यांची चटणी, भरपूर कांदा घालून. ह्यांच्या घरी मटण चालायचं, पण पाण्यातलं काही कधी शिजलं नव्हतं. माझ्या आईनं कौतुकानं वाढलंय म्हटल्यावर ह्यांनी दोनदा मागून घेतली. पाच मिनिटांत तळहात खाजवायला लागले. मग ओठ सुजले, मग डोळे मिटले, आणि मग घशातून असा आवाज यायला लागला की माझ्या वडिलांच्या हातातला तांब्या खाली पडला. ऑटोत घालून नेलं. डॉक्टरांनी दोन इंजेक्शनं दिली, तासाभरानं हे उठून बसले आणि मलाच हसायला लागले. डॉक्टर मात्र हसले नाहीत. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "या वेळी टाइम मिळाला. पुढच्या वेळी इतका मिळनच असं नाही."

मी तेव्हा बावीस वर्षांची होते. ते वाक्य माझ्या पोटात जाऊन बसलं ते बसलंच. तसं अमरावतीत घाबरण्यासारखं काही नव्हतं. घरात झिंगे आणले नाहीत की झालं. लग्नाकार्यात वरण-भात, आलू-वांग्याची भाजी, जिलबी. तरी कोणाकडं जेवायला गेलो की मी आधी स्वयंपाकघरात डोकावून यायचे. नणंदा म्हणायच्या, हिला आमच्या हातच्या जेवणाचा भरोसा नाही. मी म्हणायचे, नाही तर नाही.

ह्यांचं बी-बियाणं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान होतं. एका वर्षी औषधाच्या कंपनीनं चांगला माल खपवणाऱ्या दुकानदारांची थायलंडची सहल काढली, तीही जोडीनं. याआधीच्या सहली नुसत्या पुरुषांच्या असायच्या आणि त्या करून आलेले लोक काय पाहिलं ते घरी नीट सांगायचे नाहीत. म्हणून शेजारच्या बाई मला म्हणाल्या, "बरं झालं माय, संग जाऊन राहिली. तिकडं एकट्या मानसाले धाडाचं नसते." सगळ्यांना वाटलं मी त्या पहाऱ्यावर चालले आहे. मला तिकडच्या बायांची काडीची भीती नव्हती. मी ऐकलं होतं की त्या देशात भातापासून भाजीपर्यंत सगळ्यात झिंगे घालतात, वाळवून, कुटून, कुजवून, आणि दिसत नाहीत असे.

हे जायला तयार नव्हते. कारण झिंगे नव्हेत. ती वर्षं फार वाईट होती. मोर्शी-वरूडकडं संत्र्याच्या बागा उभ्या वाळत होत्या, कपाशीत काही उरत नव्हतं, आणि सकाळचा पेपर आला की हे आधी आतलं जिल्ह्याचं पान उघडायचे. औषध पिऊन गेलेल्या माणसाचं गाव ओळखीचं निघालं की चहा तसाच राहायचा. ती बाटली आपल्या दुकानातली तर नव्हती, हा प्रश्न ते बोलून दाखवत नसत. मला तो दिसायचा. अशात समुद्र पाहायला जायचं याची त्यांना लाज वाटत होती. "कोणत्या तोंडानं जाऊ?" असं म्हणाले. मी म्हटलं, तिकीट कंपनीनं काढलंय, आपण नाही गेलो म्हणून इकडं पाऊस पडणार आहे का? खरं लिहायचं तर मला जायचं होतं. मी विमान फक्त वर बघून पाहिलं होतं. मी हट्ट केला. हे मी इथं स्वच्छ लिहून ठेवते, कारण पुढं जे झालं त्याची सुरुवात माझ्या हट्टापासून झाली.

जायच्या आधी मी आमच्या म्हाताऱ्या डॉक्टरांकडं गेले. त्यांनी मला काचेच्या दोन कुप्या आणि चार सिरिंजा दिल्या. कुपीची मान कशी मोडायची, औषध किती ओढायचं आणि मांडीत बाहेरच्या अंगाला सुई कशी मारायची, ते दाखवलं. म्हणाले, "घरी जाऊन संत्र्यावर शिक. साल जाड असते, हाताले अंदाज येते." मी वरूडची डझनभर संत्री आणली आणि साध्या पाण्यानं शिकले. पहिल्या चार संत्र्यांत सुई वाकडी गेली. पाचव्यापासून जमायला लागलं. हे पलंगावर बसून ती टोचलेली संत्री सोलून खात होते आणि मला म्हणत होते, "कंपाउंडर बाई, फी किती?" मी हसले आणि पुढचं संत्रं उचललं. कुप्या मी चष्म्याच्या घरात कापूस घालून ठेवल्या आणि ते घर पर्समध्ये.

तिथलं ते समुद्राकाठचं गाव सुंदर होतं, असं सगळे म्हणतात. मला फारसं आठवत नाही. मला आठवतात त्या वाळूच्या मागच्या बाजूला, आपल्याकडं अंगणात मिरच्या वाळत घालतात तशा, पथाऱ्याच्या पथाऱ्या वाळत घातलेले गुलाबी झिंगे. त्यांच्यावरून येणाऱ्या वाऱ्यानं ह्यांना काही होईल का, असंही वाटून गेलं. मी ह्यांना रस्त्याच्या दुसऱ्या बाजूनं चालायला लावलं. आमच्या गाइडला थोडी हिंदी यायची. त्याच्याकडून मी त्याच्या लिपीत एका कागदावर लिहून घेतलं: या माणसाला समुद्रातलं काही चालत नाही, झिंगे तर कुटलेले, वाळलेले, कसलेच नाहीत, खाल्ले तर तो मरेल. गाइडनं शेवटचा शब्द लिहिताना माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, हाच शब्द मोठा लिहा.

तो कागद मी दिवसातून दहा ठिकाणी दाखवायचे. दाखवला की पोरी तोंडावर हात घ्यायच्या, आत जाऊन विचारून यायच्या आणि मान हलवायच्या. म्हणजे नाही. भातात माशाचं पाणी, भाजीत कालवांचा रस, नुसत्या पाल्याच्या भाजीतही कसलीशी पूड. हे बिचारे पहिले दोन दिवस जास्त करून माझ्या डब्यातले धपाटे आणि जवसाची चटणी खाऊन राहिले. तिसऱ्या दिवशी दमट हवेनं धपाट्यांना बुरशी आली. कंपनीनं ठरवलेल्या हिंदुस्थानी हॉटेलात पनीर मिळायचं, गोड, लाल, आणि त्यावर साय. हे ताट पुढं सरकवून म्हणायचे, "मले झुणका-भाकर पाह्यजे अन् तू पोलिसावानी करून राहिली." मी म्हणायचे, करते. तुम्ही घरी पोचेपर्यंत करणार.

या सगळ्यात मला एक सोबतीण मिळाली. अकोल्याचे बियाण्यांचे एक व्यापारी आमच्या सहलीत होते, आम्ही त्यांना भाई म्हणायचो. त्यांच्या बेगम माझ्याच वयाच्या, म्हणून त्या भाभी. त्यांना डुकराची धास्ती, मला झिंग्यांची. कोणत्याही हॉटेलात आम्ही दोघी आधी मागच्या दारानं जाऊन कढई पाहायचो, तेल पाहायचो, बरण्या उघडून वास घ्यायचो. भाभी म्हणायच्या, "तुम मेरा देखो, मैं तुम्हारा देखती." आमचे नवरे बाहेर उन्हात उपाशी उभे. भाई ह्यांना म्हणायचे, "साहब, ये दोनों अन्नभेसळ खाते में भर्ती होने को आए हैं." तेवढ्यापुरती मी हसायचे. जेवण संपून अर्धा तास गेला आणि ह्यांचे तळहात ठीक आहेत असं दिसलं की मग मी पर्स मांडीवरून खाली ठेवायचे. मग पुढच्या जेवणाची भीती सुरू.

चौथा दिवस मोकळा होता. भाभींनी मागच्या गल्लीत एक खानावळ हेरून ठेवली होती. पत्र्याचं छप्पर, चार टेबलं, हिरवी पाटी, चंद्रकोर. गल्ल्यावर डोक्याला रुमाल बांधलेली एक पन्नाशीची बाई. भाभींनी सलाम केला, तिनंही सलाम केला आणि छातीवर हात ठेवला. दोघींना एकमेकींची भाषा कळत नव्हती, तरी भाभी इतक्या खुलल्या की त्यांनी लगेच खुर्ची ओढली. चार दिवसांत पहिल्यांदा त्यांनी कढई पाहिली नाही. म्हणाल्या, "अब मैं तो चैन से खाती."

मी माझा कागद दाखवला. त्या बाईनं तो दोनदा वाचला. मग माझा हात धरून मला चुलीपाशी नेलं, माझ्यासमोर कढई घासली, नवं तेल ओतलं, कोंबडी, कांदा, अंडं, भात, सगळं एक एक दाखवून घातलं. माशाच्या पाण्याची बाटली उचलून लांब ठेवली आणि माझ्याकडं पाहून मान हलवली. अगदी आईच्या मायेनं करत होती. मला इतकं हलकं वाटलं की डोळ्यात पाणी आलं. मी बाहेर येऊन बसले आणि चार दिवसांत पहिल्यांदा खुर्चीला पाठ टेकली.

टेबलावर आधीपासून एक वाटी होती. सोबत काकडीच्या फोडी आणि चवळीच्या लांब शेंगा. वाटीत ठेचा. मिरच्या, लसूण, खलबत्त्यात भरड कुटलेला, थोडा काळपट, आपण मिरच्या भाजून करतो तसा. कोपऱ्यात दगडी खलबत्ता होताच. मला तो ठेचा परका वाटलाच नाही. आपल्याकडं ठेच्याची कोणी चौकशी करतं का? तो काही पदार्थ नसतो, मीठ असतं तसा तो पानात असतोच. चार दिवस मी त्या गावात पाण्याचा ग्लाससुद्धा वास घेऊन पुढं केला होता. पण त्या गावच्या वाऱ्यालाच मासळीचा वास होता आणि माझं नाक केव्हाच थकून गेलं होतं. आणि तो ठेचा होता.

गरम भात आला. "अहो, ठेचा," मी म्हटलं, आणि ह्यांनी हात लावायच्या आधी चमच्यानं त्यांच्या ताटात डाव्या अंगाला वाढला. रोज घरी वाढते तसा.

ह्यांनी घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, "आता जेवल्यावानी वाटते." भाईंनीही घेतला. भाभींनी घेतला. मी अजून ताटाला हात लावला नव्हता, ह्यांना जेवताना पाहत होते. चार दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर ते सुख दिसत होतं. ताटातला ठेचा संपला तेव्हा मी न विचारता दुसऱ्यांदा वाढला.

भाभी म्हणाल्या, "इसमें सुकट का मजा आता ना?" त्यांनी ते खुशीत म्हटलं. त्यांच्या माहेरी सुकट आवडीनं खायचे.

मी ह्यांच्याकडं पाहिलं. ते डावा तळहात पँटवर घासत होते.

मी वाटी उचलून नाकाशी धरली. अकोल्याच्या त्या आखाडातला माझ्या आईच्या स्वयंपाकघराचा वास.

त्यानंतरच्या गोष्टी माझ्या डोक्यात सलग नाहीत. हे उभे राहायला गेले आणि खुर्चीसकट मागं गेले. ओठ भराभर सुजत होते. त्यांनी काही बोलायचा प्रयत्न केला आणि आवाजच निघाला नाही, नुसती शीळ. भाईंनी त्यांना मागून धरून बसतं ठेवलं. मी पर्स टेबलावर उपडी केली. चष्म्याचं घर उघडेना. भाभींनी ते दातांनी उघडलं. पहिल्या कुपीची मान मोडताना ती माझ्या हातातच फुटली, अंगठा कापला आणि औषध सांडलं. उरली एक. त्या क्षणी मला जी भीती वाटली तिच्याबद्दल मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. मी घाबरून थरथरले असेन असं लोकांना वाटतं. तसं नव्हतं. माझे हात एकदम स्थिर झाले आणि मनात एकच गोष्ट स्पष्ट उमटली की मी विधवा झाले आहे आणि ते मी स्वतःच्या हातानं केलंय. त्या मनानं मी दुसरी कुपी मोडली, औषध ओढलं आणि पँटवरूनच मांडीत सुई मारली.

किती वेळ गेला माहीत नाही. शिळेचा सूर थोडा उतरला. त्या खानावळवालीनं कोणाला तरी हाका मारून मालवाहू गाडी आणवली होती. मागच्या हौद्यात, भाज्यांच्या टोपल्यांमध्ये, ह्यांचं डोकं भाईंच्या मांडीवर. मी पाय धरून बसले होते. उन्हानं पत्रा तापला होता आणि ह्यांचे पाय गार होते.

दवाखान्यात त्यांनी आणखी इंजेक्शनं दिली, सलाइन लावलं, नाकावर ऑक्सिजन. दुपारी चारच्या सुमारास सूज उतरायला लागली. डॉक्टरणीनं मला खुणेनं सांगितलं की आता ठीक आहे. मी बाहेर आले तर बाकावर ती खानावळवाली बसली होती. दुकान उघडं टाकून आली होती. माझा कागद तिच्या हातात होता, घामानं ओला. ती उठली, माझ्यासमोर हात जोडून काहीतरी बोलत राहिली आणि रडत राहिली. तिला वाटत होतं चूक तिची. कागद वाचूनही टेबलावरची वाटी उचलायची राहिली, असं ती म्हणत असावी. तिला सांगावं असं फार वाटत होतं की बाई, तुझं काही चुकलं नाही, तुझी वाटी तुझ्या टेबलावर होती, वाढलं मी. पण मला तिची भाषा येत नव्हती. आणि येत असती तरी मी तेव्हा बोलले असते का, याची मला खात्री नाही. मी तिचे हात धरले आणि तिचं रडणं ऐकून घेतलं. भाभी शेजारीच होत्या. त्यांनी सगळं पाहिलं होतं. त्या माझ्याबद्दल तिला खुणेनंही काही सांगायला गेल्या नाहीत.

परत आलो. दुकानात, घरी, नात्यागोत्यात ह्यांनी एकच गोष्ट सांगितली. "ठेचा दिसला अन् मी भुक्कडावानी तुटून पडलो. बायकोनं सुई मारली म्हून वाचलो." लोक मला धन्य म्हणायचे. नणंदांनी साडी आणली. मी ती घेतली. पहिल्यांदा हे असं बोलले तेव्हा मी तोंड उघडलं होतं, पण ह्यांनी माझ्याकडं पाहिलंही नाही, पुढचं सांगत राहिले. नंतर ते खोटं इतक्या वेळा सांगून झालं की त्यात माझ्यासाठी बोलायला जागाच उरली नाही.

पण मी ह्यांना वाढू शकत नव्हते. पळी उचलली की हात ताटापर्यंत जात नसे. भात मी निवडलेला, वरण मी शिजवलेलं, घरात झिंगा कधी आलाही नव्हता, हे सगळं मला ठाऊक होतं. हाताला ठाऊक नव्हतं. मी भांडी त्यांच्यापुढं मांडून ओट्याशी काहीतरी काम काढायचे. ते आपलं आपण घ्यायचे. असं आठवडाभर चाललं, मग महिनाभर, मग पेरण्या झाल्या, श्रावण गेला. ज्या घरात कोणी जेवताना बोलत नाही त्या घरात किती भीती असते, ते मला त्या चार महिन्यांत कळलं.

भादव्यात फवारणीचे दिवस होते. दुपारी डबा घेऊन मी दुकानात गेले तेव्हा काउंटरवर एक बाई उभी होती, मोर्शीकडच्या एका खेड्यातली, साधारण माझ्या वयाची. ती ह्यांना म्हणत होती, "भाऊ, आमचे हे आले तं त्याईच्या हाती औषध देऊ नोका. मीच येत जाईन."

ह्यांनी काहून म्हणून विचारलं नाही. त्या वर्षांत कोणताही दुकानदार ते विचारत नसे. पीक कोणतं, अळी कोणती, एवढं विचारलं आणि बाटली तिच्या हातात दिली. माझ्यानं राहवलं नाही. मी म्हटलं, "बाई, फवारते कोण?"

"तेच फवारते. बाटली मी पेटीत कुलपात ठेवतो. पंपात मीच ओततो. मंग बांधावर बसून राह्यतो, फवारनं होईस्तोवर. बाटली घेऊनच घरी येतो."

"भेव नाही लागत तुमाले, त्याईच्या हाती द्यायचं?"

"लागते ना," ती म्हणाली. "रोज लागते. पन फवारलं नाही तं पीक जाते. अन् पीक गेलं तं ते कोठी राह्यतेत मंग?" तिनं बाटली पदरात गुंडाळली, पिशवीत तळाशी ठेवली, वर भाजीची जुडी ठेवली आणि एसटीची वेळ विचारून निघून गेली.

ह्यांनी हात धुतले. मी डबा उघडला, दुकानाच्या मागच्या खोलीत सतरंजीवर भांडी मांडली आणि रोजच्यासारखी दाराकडं वळले.

"वाढ," ते म्हणाले.

"तुमीच घ्या."

ते रिकामं ताट समोर घेऊन बसून राहिले. काही घेतलं नाही. मी दारात उभी. बाहेर काउंटरवर कोणी तरी आलं, त्यानं दोनदा हाक मारली. हे उठले नाहीत.

"थायलंडात मी पाह्यलं होतं तू वाढतांनी," ते म्हणाले. "कोनाले सांगतलं नाही, अन् सांगनारही नाही. पन चार महिने झाले, मी एकटाच जेवून राहिलो. तुले भेव लागते, तं लागू दे. वाढ."

मी खाली बसले. आधी भाकर ठेवली, मग वांग्याची भाजी, मग भात. भातावर वरण वाढलं आणि पळी भांड्यात ठेवली. ह्यांनी घास केला, तोंडात घातला आणि चावायला लागले. बाहेरचं गिऱ्हाईक तिसऱ्यांदा हाक मारत होतं. कोणी एकटा माणूस होता, औषध मागत होता. त्याला थांबा म्हणून सांगायला हवं होतं. ह्यांच्या गळ्यातून तो घास खाली उतरेपर्यंत मला सांगता आलं नाही.